गेलेल्या खेळाडूची, कलावंताची आठवण कशी जपावी

३० एप्रिल २०२०. लॉकडाऊन चालू होतं. सकाळी ऋषी कपूर गेल्याची बातमी आली आणि दिवसभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. त्याच संध्याकाळी कोलकात्यात चुनी गोस्वामी गेले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक आणणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार, आणि क्रिकेटमध्ये बंगालच्या रणजी संघाचंही नेतृत्व केलेला माणूस. मी बघत होतो त्या चॅनेलवर खालच्या पट्टीत त्यांच्यासाठी एक ओळ सरकून गेली. रात्री नऊच्या सुमाराला कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या एका जुन्या फुटबॉल खेळाडूचा फोन आला. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. "चुनीदा गेले की रं. कोण कायच बोलंना झालंय."

आबांच्या वहीत चुनी गोस्वामींचं मासिकातून कापलेलं चित्र होतं, खळीनं चिकटवलेलं. त्याच वहीत त्यांनी स्वतः खेळलेल्या सामन्यांच्या तारखा, कोण कुठल्या जागेवर खेळलं, कुणी गोल मारला, हे सगळं शाईच्या पेनानं लिहून ठेवलं होतं. मी ती वही दोनदा हातात घेतली होती. त्याच पावसाळ्यात आबा गेले. गर्दीला बंदी असल्यामुळे सभा झाली नाही. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर नाव, भावपूर्ण श्रद्धांजली आणि आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो. ते कुठल्या जागेवर खेळायचे एवढंही त्यावर नव्हतं. दिवाळीनंतर मी वही बघायला घरी गेलो, तर साफसफाईत ती रद्दीत गेलेली. घरच्यांची काही चूक नव्हती. त्या वहीत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं आणि सांगायला हवं होतं ते मी.

तेव्हापासून खेळाडू असो की कलावंत, ओळखीतलं कुणी गेलं की मी काही कामं ठरावीक क्रमानं करतो. पेठेतल्या, तालमीतल्या (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात), मंडळातल्या कुणालाही ती करता येतील. खर्च फारसा नाही, वेळ मात्र द्यावा लागतो, आणि यातली बरीचशी कामं पहिल्या वर्षातच होतात.

आधी बातमी खरी आहे का ते बघा

मोठ्या माणसांच्या बाबतीतसुद्धा यात चुका होतात. मार्च २०१४ मध्ये सीएनएनच्या एका कार्यक्रमाच्या ट्विटर खात्यावरून पेले गेल्याची बातमी दिली गेली. पेले प्रत्यक्षात गेले २९ डिसेंबर २०२२ ला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाच्या पोस्ट फिरल्या, घरच्यांना खुलासा करावा लागला, आणि ते गेले २६ तारखेला. धर्मेंद्र यांच्याबाबत नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच झालं. ११ तारखेला खोटी बातमी पसरली, प्रत्यक्ष निधन २४ ला. आजारी माणसाच्या घरी त्या मधल्या दिवसांत काय होत असेल, याचा विचार स्टेटस टाकण्याआधी करावा.

आपल्या गावात खात्री करणं सोपं आहे. थेट त्या घरी फोन लावू नका. शेजारी, तालमीचा एखादा पदाधिकारी किंवा भावकीतला माणूस गाठा आणि दोन जणांकडून सारखं कळलं की मगच पुढं पाठवा. नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट. आपल्या पेठांत एकाच नावाआडनावाचे तीन-तीन खेळाडू असतात.

नावांचा घोळ कसा होतो, याचं एक उदाहरण मला फार लागून राहिलं आहे. लावणी गायिका सुलोचना चव्हाण १० डिसेंबर २०२२ ला गेल्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडलेल्या अभिनेत्री सुलोचना लाटकर ४ जून २०२३ ला गेल्या. दोघींच्या जाण्यात सहा महिन्यांचंही अंतर नाही. माझ्याकडे दोन्ही वेळी असे मेसेज आले, ज्यांत फोटो एकीचा आणि मजकूर दुसरीचा होता. आयुष्यभर काम केलेल्या बाईला शेवटी दुसरीच्या चेहऱ्यानं निरोप द्यायचा, हे बरं नाही. फोटो लावण्याआधी तो कुणाचा, हे त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलेल्या एकाला तरी विचारून घ्या.

पहिले तीन दिवस

या दिवसांत घरच्यांना काही मागू नका. फोटो नको, आठवण नको. त्यांना लागेल ती मदत करा. पंचगंगा स्मशानभूमीतली धावपळ, बाहेरगावाहून येणाऱ्यांची सोय, दवाखान्याची कागदपत्रं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, त्या कामाला कुणीतरी सोबत गेलं की घरच्यांना मोठा आधार होतो.

निरोपाचा मजकूर मात्र लगेच लागतो. रक्षाविसर्जन किती वाजता, कुठं. मुस्लिम घर असेल तर दफनविधी आणि जियारत, म्हणजे त्यानंतरची प्रार्थना, कधी. आपल्या तालमींमधून सगळ्या समाजाची पोरं एकत्र खेळत आली आहेत, त्यामुळे "कैलासवासी" हा शब्द डोळे झाकून लिहू नका. "दिवंगत" सगळ्यांना चालतो.

फ्लेक्स करणारच असाल तर त्यावर दोन गोष्टी वाढवा. एक, माणूस काय करायचा. "लेफ्ट आऊट, अमुक तालीम", "क्लॅरिनेट, अमुक ब्रास बँड", "ढोलकी". एवढं लिहिलं तरी चौकातून जाणारा शाळकरी पोरगा विचारतो, लेफ्ट आऊट म्हणजे काय? दुसरी गोष्ट फोटोची. खेळतानाचा किंवा वाजवतानाचा फोटो मिळाला तर तोच लावा, धूसर असला तरी चालेल. तो घरात मागण्यापेक्षा जुन्या सहकाऱ्याकडे मिळतो. आणि खाली शुभेच्छुकांसारखी पन्नास चेहऱ्यांची रांग नको. त्या जागेत त्याच्या संघातल्या दहा जणांची नावं बसतात.

घरात काय शोधायचं

उत्तरकार्य होऊन गेलं की पंधरा-वीस दिवसांनी घरी जा. यापेक्षा उशीर नको, कारण घराची आवराआवर होते आणि माझ्यासारखी वेळ येते. एकटे जाऊ नका. त्यांच्या बरोबर खेळलेला किंवा वाजवलेला एक माणूस सोबत न्या. वहिनींना, काकूंना अनोळखी चेहऱ्यापुढं ट्रंक उघडणं जड जातं.

मागताना "फोटो आहेत का" एवढंच विचारलं तर लग्नाचा अल्बम पुढं येतो. नेमकं विचारा. कप, मेडल, बिल्ले, जर्सी, बूट, नी-कॅप, प्रमाणपत्रं, कात्रणं, स्मरणिका, सामन्याची हँडबिलं, कुणी पाठवलेली पत्रं. कलावंत असेल तर करारपत्रं, मानधनाच्या पावत्या, नाटकाच्या जाहिराती, गाण्यांची वही, कॅसेट. लिहिलेली कुठलीही वही दिसली की ती आधी उघडून बघा. मग घरातल्या सगळ्यात तरुण माणसाला, नातवाला किंवा सुनेला, ती उघडून दाखवा आणि त्यात काय आहे ते सांगा. वस्तू टाकायची की ठेवायची, हे बहुधा तीच माणसं ठरवतात.

मूळ वस्तू शक्यतो घराबाहेर नेऊ नका. तिथंच बसून फोटो काढा. नेणं भागच असेल तर कागदावर यादी करून सही द्या आणि सांगितलेल्या दिवशी परत आणून द्या. आपल्याकडे "छापून देतो" म्हणून नेलेले किती फोटो परत आलेले नाहीत, हे कुठल्याही जुन्या खेळाडूच्या घरी विचारा.

गेल्या वर्षी एका घरी संघाचा एक जुना फोटो मिळाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडेला चांदीसारखी झाक आलेली. मागं सात जण उभे, पुढं पाच जण बाकावर आणि जमिनीवर मांडी घालून दोन पोरं, मधोमध ढाल. तिघांच्या पायात बूट नव्हते. पाठीमागं कुणीतरी बॉलपेननं दाबून नावं लिहिली होती. त्या दाबाच्या रेघा पुढच्या बाजूला उमटून एकाच्या चेहऱ्यावरून गेल्या होत्या. म्हणून फोटोमागं लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल वापरावी, हलक्या हातानं, आणि कडेला. नावं लिहिताना उभे डावीकडून, बसलेले डावीकडून असा क्रम लिहावा आणि ज्याचं नाव कळत नाही तिथं रिकामी रेघ सोडावी. अंदाजानं नाव भरू नये. एकदा लिहिलेलं चुकीचं नाव पुढं खरं होऊन बसतं.

स्कॅनर मिळाला तर साध्या पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, पासपोर्ट आकाराला १२०० ठेवा. मोबाईलनं काढायचा असेल तर फ्लॅश बंद, खिडकीजवळ पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, फोटो टेबलावर सपाट आणि मोबाईल त्याला समांतर. काचेच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, तिरकं उभं राहून चकाकी टाळत टिपा. अल्बमला चिकटलेला असेल तर अख्खं पान टिपा, ब्लेड घालू नका. लॅमिनेशन तर कधीच करू नका, ते काढता येत नाही आणि फोटो घेऊनच जातं. पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याचा दर्जा घसरतो, म्हणून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

कॅसेट मिळाली तर आधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मग एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून टेप एकमेकाला चिकटलेली असते. टेपरेकॉर्डरचं हेड साफ असेल तरच वाजवा. हेडफोनच्या जागेतून केबल संगणकाला जोडा आणि आवाज डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये घ्या. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाईची वाट नाही. आमच्या ओळखीतल्या एका ढोलकीवाल्या मामांच्या घरच्या कॅसेटमध्ये गाणं संपल्यावर सात-आठ सेकंद त्यांचा आवाज आहे, "जरा पाणी द्या रे". त्यांच्या मुलीनं ते सात-आठ सेकंद पुन्हा पुन्हा लावायला सांगितले. म्हणून सुरुवात आणि शेवट कापू नका, खोकला, हशा सगळं राहू द्या.

माणसांना काय विचारायचं

सगळ्यात जास्त माहिती कागदात नसते, बरोबर खेळलेल्यांच्या डोक्यात असते, आणि ती माणसंही ऐंशीच्या घरात आहेत. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

"ते कसे होते?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लई चांगला माणूस". ते खरं असतं, पण त्यातून माणूस दिसत नाही. त्याऐवजी असं विचारा. कुठं उभे राहायचे? कुठला पाय चालायचा? समोरचा बॅक (बचावपटू) अंगावर आला की काय करायचे? पेनल्टी कोण मारायचं? सरावाला गांधी मैदानावर किती वाजता यायचे, आधी कामावर जायचे की नंतर? पहिले बूट कुठून आणले, कुणाचे होते? सामना हरल्यावर कुठल्या रस्त्यानं घरी जायचे? हा शेवटचा प्रश्न मला एका मावशींनी शिकवला. त्यांचा नवरा बॅक होता. हरला की तो पेठेतून न येता रंकाळ्याला वळसा घालून अंधार पडल्यावर घरी यायचा, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट त्याच्या संघातल्या कुणालाच माहीत नव्हती. घरातल्या बायकांना विचारायचं राहून जातं, ते राहू देऊ नका. जर्सी कुणी धुतली, मुरगळलेल्या पायाला हळद-तुरटीचा लेप कुणी लावला, त्यांनाही सामने पाठ असतात.

कलावंताच्या बाबतीत प्रश्न वेगळे. तालीम कुणाकडं झाली, पहिलं मानधन किती, कुठल्या गावच्या जत्रेत दरवर्षी बोलावणं असायचं, आवाज बसला तर काय घ्यायचे, वाद्य कुणी बनवलं आणि आता कुणाकडं आहे. कोल्हापुरात अशीही असंख्य माणसं होती ज्यांनी जयप्रभा किंवा शालिनी स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणून, घोडेस्वार म्हणून, रंगकामाला, सेटवर काम केलं आणि श्रेयनामावलीत ज्यांचं नाव कधी आलं नाही. अशा घरी मोबाईलवर तो चित्रपट लावा, सगळ्यांनी मिळून बघा, आणि "हे बघा, आमचे दादा" असं कुणी म्हणालं की थांबवा. कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, उजवीकडून कितवा, अंगावर काय, हे लिहून घ्या. एवढ्या एका ओळीनं तो माणूस पुढच्या पिढीला सापडतो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट घ्या. त्यातले बहुतेक आज बघायलाच मिळत नाहीत, त्यांतले चेहरे आता कोण ओळखणार?

रेकॉर्डिंगचं साधं तंत्र आहे. मोबाईल फ्लाईट मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचा आवाज येत नाही. पंखा बंद करायची परवानगी मागा. सुरुवातीलाच तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतः बोला. बोलणारा गप्प झाला की लगेच पुढचा प्रश्न विचारू नका, थांबा. चांगलं बोलणं बहुधा त्या गप्प बसण्यानंतर येतं. आणि दोन जुने खेळाडू एकत्र बसवता आले तर बसवा. एकानं चुकीचं वर्ष सांगितलं की दुसरा लगेच म्हणतो, "न्हाई न्हाई, तवा तू पायाला लागून घरात हुतास."

तारखा आणि आकडे

पेलेंचा वाढदिवस जग २३ ऑक्टोबरला साजरा करतं, त्यांच्या जन्मदाखल्यावर २१ ऑक्टोबर १९४० आहे. दाखला चुकीचा आहे, असं ते स्वतः सांगायचे. त्यांच्या एकूण गोलांच्या हजारावरच्या आकड्यावरही वाद आहेत, कारण त्यात मैत्रीपूर्ण सामने धरायचे की नाही यावर एकमत नाही. ब्राझीलसाठी अधिकृत ९२ सामन्यांत ७७ गोल आणि १९५८, १९६२, १९७० हे तीन विश्वचषक, यावर वाद नाही. आपणही असंच लिहावं. जे पक्कं आहे ते ठामपणे, आणि जिथं दोन मतं आहेत तिथं दोन्ही, कुणाचं कुठलं ते सांगून.

स्थानिक खेळाडूबाबत शाळेचा दाखला, घरच्यांची आठवण आणि मृत्यूची नोंद यांत जन्मतारखा तीन निघतात. दाखल्यावर एक जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली, हे धरून चाला. सामन्यांसाठी जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, तिथून सुरुवात करावी, मग शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय. वर्ष नक्की माहीत नसेल तर हंगाम धरून शोधा, म्हणजे पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे महिने. ज्यानं सांगितलं त्याच्या आयुष्यातल्या पक्क्या घटनेशी सांधा जुळवा. "माझ्या थोरल्या पोरीच्या बारशाच्या आदल्या दिवशीची फायनल" एवढं कळलं तर तारीख सापडलीच म्हणा.

लिहिताना

तीनशे-चारशे शब्द पुरे. पहिल्या वाक्यात माणूस दिसू द्या.

आपण सवयीनं असं लिहितो: "दिवंगत अमुक हे हरहुन्नरी, जिद्दी व मनमिळाऊ खेळाडू होते. त्यांच्या निधनाने फुटबॉल क्षेत्राची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे." हे कुणाच्याही नावाखाली चालतं. त्याच माणसाबद्दल गोळा केलेल्या माहितीतून असं लिहिता येतं: "ते डाव्या बगलेतून खेळायचे. चेंडू लाइनपर्यंत नेऊन तिथं थांबायचे, बॅक पाय टाकेपर्यंत. त्यानं पाय टाकला की टाचेनं चेंडू मागं आणि स्वतः आत. कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी सहाला मैदानावर हजर. बूट वीस वर्षांत दोनच वापरले, दोन्ही मोच्याकडून तळ बदलून घेतलेले." इथं जिद्दी हा शब्द लिहावा लागत नाही.

दुखऱ्या गोष्टींचं काय? माझं मत असं आहे. सार्वजनिक आयुष्य जगलेल्या माणसाचं सार्वजनिक जे आहे ते सगळं यावं. २२ जून १९८६ ला इंग्लंडविरुद्ध मॅराडोनांनी हातानं मारलेला गोल आणि त्यानंतर चारच मिनिटांनी निम्म्या मैदानातून पाच-सहा जणांना चुकवत केलेला गोल, यातला एक वगळून मॅराडोना लिहिता येणार नाही. त्यांचं व्यसनही सगळ्या जगाला माहीत होतं. पण पेठेतल्या खेळाडूचं आजारपण, दारू, कर्ज, कोर्टकचेरी हे त्याच्या घराचं आहे. घरच्यांना लिहिलेलं वाचून दाखवा आणि ते जे काढा म्हणतील ते काढा, वाद न घालता. फक्त एका गोष्टीवर मी अडून बसतो. खेळाबद्दलची खरी गोष्ट, एखादी चुकलेली पेनल्टी, ती मी काढत नाही, आणि आजवर कुठल्या घरानं ती काढायला लावलेली नाही.

सभा आणि मैदान

शोकसभेत सगळ्यात आधी त्याच्याबरोबर खेळलेले, वाजवलेले बोलू द्या, पाहुणे नंतर. उलटं केलं की दोन तासांनी म्हाताऱ्या खेळाडूच्या हातात माईक येतो आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. माणशी पाच मिनिटं. ज्यांना उभं राहून बोलायचा धीर होत नाही त्यांचं आधी रेकॉर्ड केलेलं ऐकवा. कलावंताच्या सभेत भाषणं आणखी कमी करा आणि त्याच्या साथीदारांना वाजवू द्या. बाजूला टेबलावर फोटो, बूट, वाद्य ठेवा, आणि एक कोरी वही-पेन. लोक जाताना तिथं थांबतात आणि माईकवर न आलेल्या गोष्टी त्या वहीत लिहून जातात.

शाहू स्टेडियमवर सामन्याआधी स्तब्धता पाळायची असेल तर संयोजकांना आणि पंचांना किमान आदल्या दिवशी कळवा. सुरुवात आणि शेवट पंचांच्या शिट्टीनं, आणि मिनिट म्हणजे साठ सेकंद, घड्याळ लावून. आपल्याकडे ते वीस सेकंदांत आटपतं. गॅलरीतल्या हलगीवाल्यांना, दोन्ही बाजूंच्या समर्थकांना आधी जाऊन सांगा. समोरच्या तालमीच्या पोरांना तर मुद्दाम सांगा; आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध खेळला तेच शांत उभे राहिले याचं घरच्यांना फार वाटतं. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अख्खं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. आधी घरोघर, चौकाचौकांत सांगितलेलं होतं म्हणून ते जमलं.

निवेदकाला मोठ्या अक्षरात पाच वाक्यं लिहून द्या: नाव, जागा, तालीम, काळ आणि एक प्रसंग. दंडाला काळ्या फिती लावायच्या तर त्या आधी शिवून घ्या, ऐनवेळी इन्सुलेशन टेप गुंडाळावी लागू नये. जर्सीच्या नंबराचंही काही करता येतं. लिव्हरपूलचा फुटबॉलपटू दिओगो जोटा ३ जुलै २०२५ ला स्पेनमध्ये मोटार अपघातात भावासह गेला, तेव्हा क्लबनं त्याचा २० नंबर सगळ्या संघांतून कायमचा बाजूला ठेवला. तालमीला कायमचा नंबर राखून ठेवणं जमणार नाही, पण एक हंगाम जमतं. किंवा त्याहून चांगलं, तो नंबर तालमीतल्या सगळ्यात लहान खेळाडूला द्या आणि कुणाचा होता ते त्याला बसवून सांगा.

स्मृतिचषक भरवणार असाल तर ज्याच्या नावानं तो आहे त्याची माहिती तिकिटामागं छापा. नाहीतर चार वर्षांत ते फक्त चषकाचं नाव होऊन राहतं.

जमवलेलं कुठं ठेवायचं

तीन प्रती करा, तीन वेगळ्या जागी. एक पेनड्राइव्ह घरच्यांना, एक तालमीत किंवा मंडळात, एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या नातलगाकडं किंवा इंटरनेटवरच्या ड्राइव्हमध्ये. फाईलला "IMG" आणि आकडे असं नाव ठेवू नका, देवनागरीत वर्ष-नाव-प्रसंग लिहा. तालमीचे पदाधिकारी बदलतात तेव्हा चावीबरोबर हा पेनड्राइव्हही द्यायचा, असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

कोल्हापुरात दुसरी प्रत लांब ठेवायला सबळ कारणं आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं, आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेलं आधी भिजलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, आणि दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्यांना अवघं ३१ वर्षांचं आयुष्य मिळालं त्या नटाच्या नावाची, शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू एका रात्रीत गेली. त्या रात्री नाट्यगृहाबाहेर मोठी माणसं लहान पोरांसारखी रडत होती.

मूळ फोटो वरच्या मजल्यावर, जमिनीपासून उंच ठेवा, सुती कापडात किंवा साध्या पांढऱ्या कागदात. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात ओल धरते. पुरात भिजलेच तर एकमेकांपासून लगेच सोडवा, स्वच्छ थंड पाण्यातून काढा, चित्राची बाजू वर करून पांढऱ्या कागदावर सावलीत वाळवा. छापील वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. एकमेकांना चिकटून वाळले की मग सुटत नाहीत.

विकिपीडियावर मराठीत लेख लिहायचा असेल तर तिथं आधी प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह आधार लागतो. म्हणून आधी तालमीच्या स्मरणिकेत, दिवाळी अंकात किंवा वर्तमानपत्रात लेख येऊ द्या. फोटो टाकताना तो कुणी काढला ते विचारा. आपल्याकडे छापलेल्या फोटोवर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो, तेव्हा स्टुडिओची परवानगी घ्यावी लागते.

वर्षश्राद्धाला

पहिल्या वर्षी तोच ग्रुप फोटो मोठा छापून घेऊन जा, पेन्सिलीच्या रेघांसकट. वर सांगितलेल्या पुठ्ठ्यावरच्या फोटोचं मी तसं केलं. चौदापैकी नऊ नावं आधीच मिळाली होती. वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर तो फोटो चटईवर मधोमध ठेवला. काठी टेकत आलेल्या एका काकांनी बसलेल्यांतल्या दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि नाव सांगितलं, आणि तो नंतर इचलकरंजीला मागावर कामाला गेला हेही. मागच्या रांगेतल्या गोलीचं (गोलरक्षकाचं) नाव त्या काकांच्या बहिणीला आठवलं. तीन रेघा अजून रिकाम्या आहेत. त्यातला जमिनीवर बसलेला, डावीकडचा, केसांचा भांग मधोमध पाडलेला पोरगा कोण, हे विचारायला मी पुढच्या रविवारी जुना बुधवार पेठेत जाणार आहे.